उरलेले एकवीस दिवस

रुइयुन माझी शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये एक कुंपण होतं, ते बदकांनी कधीच आडवं केलं. त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं मला कळतं, आणि माझ्या घरात कळण्यासारखं काही नाही. मी एकटा माणूस, एकसष्ट वर्षांचा, फू सनईवाला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं गाव म्हणतं. म्हणू दे. तोंड बंद ठेवून सनई वाजत नाही.

वर्षभर रुइयुन ही ग्वान घरची सून असते. सत्तावन्न वर्षांची झाली तरी सूनच, कारण सासू चौऱ्याऐंशीची आहे आणि ठणठणीत आहे. चूल, डुकरं, कोबीचा रांजण, नवरा, सगळं हिच्या अंगावर. पण नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी, दिव्यांच्या सणाला, ती पंचक्रोशीची राणी असते. त्या दिवशी यांग्को नाच होतो. रेशमी कपड्यांतल्या, पंखे फिरवणाऱ्या पोरीबाळी पुढे जातात आणि त्यांच्यामागून एक खट्याळ म्हातारी येते. कमरेत पार वाकलेली, कानांत लाल मिरच्या लटकवलेल्या, गालावर मोठा काळा तीळ, हातात हातभर लांब चिलीम. ती सरपंचाच्या टकलावर चिलीम आपटते, नव्या नवरदेवांचे कान पिळते, आणि शेवटी एकदम कंबर सरळ करून तीन गिरक्या घेते. लोक थंडीत तासन् तास उभे राहतात ते त्या तीन गिरक्यांसाठी. बावीस वर्षं ही म्हातारी म्हणजे आमची रुइयुन, आणि बावीस वर्षं तिच्यामागे सनई माझी.

यंदा बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी ती सकाळी कोठीत कोबी काढायला गेली. आंबवलेल्या कोबीच्या रांजणावर दाब म्हणून एक धोंडा असतो. त्यांच्याकडचा धोंडा म्हणजे लहानसं डुकरूच. बाहेर उणे पंचवीस, हात बधिर, रुइयुननं वाकून तो उचलला आणि कमरेत अशी उसण भरली की धोंडा पायावर पडायचा तेवढा वाचला. वाकली ती वाकलीच. पण दुपारी तालीम होती, आणि तालीम चुकवणं तिच्या रक्तात नाही.

ती तशीच वाकून, भिंतीला धरत धरत शाळेच्या पटांगणात आली. आम्ही काय समजलो असू? सगळे टाळ्या पिटायला लागले.

"अगंबाई, घरूनच अंगात आणून आली!"

"ते पाऊल बघा कसं टाकतेय! हुबेहूब म्हातारी!"

आणि मी, शहाणा माणूस, सनई लावली आणि ठेका दुप्पट केला. ती हात हलवत होती, थांबा, थांबा म्हणत होती. आम्हाला वाटलं तोही नाटकातलाच भाग. लोकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी ती खाली बसली आणि म्हणाली, "फू दादा, तुमची ती पिपाणी बंद करा, नाहीतर घशात घालीन." तेव्हा कुठे कळलं. त्या दिवशीची लाज मला अजून वाटते.

मग उपाय सुरू झाले. औषधी पट्ट्या झाल्या. आत जाळ फिरवून काचेचे पेले पाठीला चिकटवून झाले, पाठीवर जांभळ्या चकत्यांची रांग उमटली. जाडं मीठ कढईत भाजून, कापडी पिशवीत भरून शेक झाला. शेकलं की दोन तास बरं वाटायचं. संध्याकाळी ती जवळजवळ सरळ चालायची. सकाळी पुन्हा लाकडाचा ओंडका. खालच्या आळीतली चिनलिंग, जी मोबाइलवर बघून नाच शिकली होती आणि गेली पाच वर्षं त्या चिलमीवर डोळा ठेवून होती, ती रोज विचारपूस करायला यायची. "ताई, तुमची तब्येत आधी. चिलीम काय, मी धरीन हो." रुइयुन तिला गोड हसून निरोप द्यायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "मेले तरी देणार नाही. वर्षातला एक दिवस माझा आहे फू दादा. तो पण देऊ?"

एक दिवस दवाखान्यातल्या वेइ डॉक्टर स्वतः घरी आल्या. मी तिथेच भाजलेले चेस्टनट सोलत बसलो होतो. डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, पाय उचलून पाहिले, आणि विचारलं, "झोपता कुठे?"

"खांगावर. आणखी कुठे?"

"कुठल्या टोकाला?"

रुइयुननं लांबच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खांग म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा विटांचा ओटा. चुलीची धग त्याच्या पोटातून फिरून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यानं बाहेर जाते. चुलीकडचं टोक तापतं आणि धुराड्याकडचं नुसतं आशेवर असतं. तापलेलं टोक घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून तर तो मोडता येत नाही. ग्वान आजी चुलीकडे, मध्ये तिचा मुलगा चांगशान, आणि गार टोकाला, जिथे भिंतीवर आतून बर्फाची साय धरते तिथे, रुइयुन. चौतीस वर्षं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. या घरात सासूचे चार दिवस काही संपत नव्हते.

आजी तापलेल्या टोकावर मांडी घालून, डोळे मिटून बसली होती.

डॉक्टर म्हणाल्या, "दिवसभर शेकायचं आणि रात्रभर गारठ्यात आखडायचं, मग कंबर सुटणार कशी? रात्री खालून ऊब पाहिजे. सकाळी ताडकन उठायचं नाही. पडल्या पडल्या एक एक गुडघा सावकाश पोटाशी घ्यायचा, मग कुशीवर वळून हाताच्या आधारानं बसायचं. आणि दिवसभर लोळायचं नाही, घरातल्या घरात चालत राहायचं. कळ पायात उतरली, पाय बधिर झाला, तर मात्र सरळ मोठ्या दवाखान्यात या."

डॉक्टर गेल्यावर मी अंगणात रुइयुनला म्हणालो, "चार दिवस टोक बदलून माग की आजीकडे."

ती माझ्यावर अशी उखडली! "म्हाताऱ्या माणसाच्या अंगाखालची ऊब काढून घेऊ? कंबर सरळ होईल दादा, पण मान खाली जाईल त्याचं काय?"

चांगशान गरीब माणूस. त्यानं त्याच्या परीनं तोड काढली. चूल दुप्पट पेटवायला लागला, म्हणजे धग गार टोकापर्यंत पोचेल. मक्याची ताटं संपली तशी लाकडं घातली. गार टोक थोडंसं कोमट झालं. तापलेल्या टोकावरचं मेणकापड मात्र करपून तपकिरी पडलं. आजी तरी तिथेच झोपत राहिली. आणि रुइयुन मधूनच एक विचित्र तक्रार करायची: "आमची कणीक मळायची मोठी फळी सकाळी कोमट का लागते, कळत नाही. डंपलिंगचं पीठ नुसतं चिकटतं."

बाविसाव्या दिवशी सकाळी मी चाळण परत द्यायला गेलो. आमच्याकडे दार वाजवत नाहीत, उंबऱ्यावर बूट आपटून बर्फ झाडला की झालं. चांगशान लाकडं फोडत होता, रुइयुन पेले लावायला दवाखान्यात गेली होती. आत शिरतो तो काय! ग्वान आजी कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर बसलेली, अनवाणी पाय गार जमिनीवर टेकलेले, चोळीची वरची बटणं उघडी, आणि हातात ताडाचा पंखा. बाहेर डुकरांचं पाणी गोठलेलं आणि ही बाई वारा घेत होती.

"लोखंड्या! दार लाव!" मला लोखंड्या म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलंय.

"आजी, ताप आलाय का?"

"ताप? मी भाजतेय मेल्या! बटाट्यासारखी भाजतेय!" ती माझ्यावर वसकली आणि लगेच आवाज खाली आणला. "आठ वर्षं झाली. अंगाची आग होते, तोंड कोरडं पडतं, खाज सुटते. ते टोक आता सोसत नाही मला. ती फळी घेते गादीखाली, वर दोन गोधड्या. तरी भाजते. आणि आता त्या गाढवानं चूल दुप्पट केलीय."

चाळण माझ्या हातातच राहिली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते असं. एका टोकाला सून गोठतेय, दुसऱ्या टोकाला सासू भाजतेय, दोघी मायलेकींसारख्या एका घरात आणि दोघींचाही तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"अहो, मग सांगायचं ना! आठ वर्षं!"

"काय सांगू? मी त्या टोकाला गेले की उद्या गाव म्हणेल, सुनेनं म्हातारीला गारठ्यात ढकललं. तिची अब्रू जाईल. आणि तीच ऐकेल का? म्हणेल, आई, माझं काय चुकलं, का रागावलात?" पंखा थांबला. "आणि दुसरं सांगू? माझी सासू त्या टोकावरून खाली सरकली त्या हिवाळ्यात, आणि बर्फ वितळायच्या आत गेली. ते टोक सोडलं की पुढचा मुक्काम एकच, असं वाटतं मला. हसू नकोस."

मी हसलो नव्हतो.

"कुणाला बोललास तर तुझी सनई चुलीत घालीन," ती म्हणाली. दोन आठवड्यांत माझ्या सनईला ही दुसरी धमकी. मी जायला निघालो तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिची कंबर नेमकी कशानं धरली रे?"

"कोबीच्या रांजणावरच्या धोंड्यानं."

आजीचा चेहरा एकदम उतरला. "तो काळा? मोठा?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती नुसती पंख्याची कड बोटानं दाबत बसली.

माझ्या आयुष्यात मी पोटात ठेवलेली ती एकमेव गोष्ट. तीनच दिवस ठेवली, पण ठेवली. चोविसाव्या दिवशी सकाळी गावात एकच बोंब उठली: ग्वानांच्या दारावर लाल फडकं बांधलंय!

दारावर लाल फडकं म्हणजे घरात बाळंतीण. परक्यानं विचारल्याशिवाय आत यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. अर्ध्या तासात निम्मं गाव रस्त्याकडच्या कुंपणाशी जमलं. आजी दारात काठी टेकून उभी.

"आजी, कोण बाळंत झालं?" चिनलिंगनं विचारलं.

"माझी सून."

"अहो, ती सत्तावन्न वर्षांची आहे!"

"आता आहे. श्वेयान झाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती." श्वेयान म्हणजे रुइयुनची एकुलती लेक, हार्बिनला असते.

सगळे हसायला लागले. म्हातारीचं डोकं फिरलं असं दोघातिघांनी उघड म्हटलं. तेवढ्यात रुइयुन बाहेरून आली, कमरेत वाकलेली, हातात औषधाची पुडी. तिनं दारावरचं फडकं पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. "आई, हे काय?"

आजीनं काठी आपटली.

"ऐका सगळ्यांनी. एकतीस वर्षांपूर्वी हिला मुलगी झाली. बाळंतिणीचा महिना तीस दिवसांचा. नवव्या दिवशी मी हिला उठवलं. कोबीचा रांजण भरायचा होता म्हणून उठवलं, असं मी तेव्हा सांगत होते. खोटं होतं ते. मुलगी झाली म्हणून मला राग आला होता. नऊ दिवसांची बाळंतीण, हिनं तो काळा धोंडा उचलून रांजणावर ठेवला, आणि मी बघत उभी होते. आज त्याच धोंड्यानं हिची कंबर धरलीय. बाळंतपणात लागलेला गारठा बाळंतपणातच निघतो, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. हिचे एकवीस दिवस उरलेत. ते ती आता पुरे करील. आणि बाळंतीण कुठे झोपते?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "चुलीकडच्या टोकाला."

"मोठ्यानं बोल!"

"चुलीकडच्या टोकाला!" सगळं कुंपण ओरडलं. कारण या एका गोष्टीत वय बघत नाहीत. बाळंतीण घरात असली की पणजोबालासुद्धा सरकावं लागतं.

रुइयुननं तोंडावर हातमोजा दाबला. मग म्हणाली, "आई, आत चला. तुमच्या डोक्याला टोपी नाही."

त्या रात्री आजी गार टोकाला झोपली. दुसऱ्या दिवशी चांगशान डोळे चोळत सांगत होता, "फू दादा, आई घोरते! आठ वर्षांत पहिल्यांदा! काय घोरते, धुराडं हललं!" फळी स्वयंपाकघरात परत गेली आणि मी शेवटी तिची गोष्ट रुइयुनला सांगून टाकली. सनई वाचली, कारण तोवर आजीचं काम झालं होतं.

पुढचे एकवीस दिवस आमच्या गावानं इतकी मजा पूर्वी कधी केली नव्हती. बाळंतिणीला बघायला जाताना अंडी नेतात. लोक अंडी घेऊन यायला लागले. "बाळ कुणासारखं दिसतं?" "नाक बापाचं आहे हो!" चांगशाननं नववर्षाचं डुक्कर स्वतः शिजवलं आणि मीठ दोनदा घातलं. आजी चुलीपाशी उभी राहून बाजरीची पेज आणि लाल साखर ढवळायची; रुइयुन उठायला लागली की पळी उगारायची. "पेज गिळ!" डॉक्टरांचे गुडघ्याचे प्रकार मात्र आजीनं शिस्तीत करून घेतले. रोज सकाळी आवाज यायचा: "उजवा गुडघा! सावकाश! आता डावा! ताडकन उठलीस तर बघ!" मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या. संध्याकाळी भाजलेल्या मिठाची पिशवी आजी स्वतः सुनेच्या कमरेवर धरून बसायची. एकदा मी गेलो तेव्हा पिशवी गार झाली होती तरी आजीनं हात काढला नव्हता आणि रुइयुननंही सांगितलं नव्हतं.

नवं वर्ष लागलं तोवर रुइयुन कशाचाही आधार न घेता चालत होती. दहाव्या दिवशी बूट स्वतः घातले. पण गिरकी घेऊन पाहायला आजीनं परवानगी दिली नाही. त्यामुळे पंधराव्या दिवशी पटांगणात आम्ही उभे राहिलो तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, शेवटी काय होणार. चिनलिंग कडेला तयार होती, मिरच्या कानांत घालूनच आली होती.

आजीला चांगशाननं बर्फावरच्या घसरगाडीत गोधड्या गुंडाळून आणलं. ढोल लागले. रुइयुन वाकून आली, चिलीम हलवत. सरपंचाचं टक्कल वाजलं. दोन नवरदेवांचे कान लाल झाले. लोक हसत होते, पण मी हसत नव्हतो. तालमीचा दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणून मी ठेका मुद्दाम हळू ठेवला. ती नाचत नाचत माझ्यापाशी आली, चिलमीनं माझ्या पोटात ढोसलं आणि म्हणाली, "झोप लागली का? वाढवा की!"

मी वाढवला. सगळ्या फुप्फुसांनिशी वाढवला. ती मध्यभागी गेली, एक क्षण वाकलेलीच थांबली, आणि मग सावकाश, मणका मणका मोजत असल्यासारखी, सरळ झाली. एक गिरकी. दोन. तीन! पटांगण दणाणलं. चिनलिंगसुद्धा ओरडत होती, पोर मनानं वाईट नाही. रुइयुननं लोकांकडे पाहिलंच नाही. तिनं घसरगाडीकडे पाहून चिलीम उंच केली, आणि गोधड्यांमधून पंखा धरलेला एक हात वर आला.

सोळाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दाराशी गेलो. महिना पुरा झाला की फडकं उतरवायचं असतं, आणि आजीचा हात तिथवर पोचत नाही. सूर्य चांगला वर आला होता. डुकरं उपाशी ओरडत होती, धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे कुणीतरी चूल पेटवली होती. मी गाठ सोडायला हात घातला तोच दार उघडलं आणि आजीनं माझ्या बोटांवर चापट मारली.

"आजी, एकवीस दिवस झाले की!"

"राहू दे ते तिथं." तिच्या हाताला राख लागलेली होती. तिनं मागे वळून खोलीत पाहिलं, चौतीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईकडे, आणि दार माझ्या तोंडावर अर्धं लोटलं.

"हळू बोल, लोखंड्या. बाळंतीण अजून झोपलीय."